तिसऱ्या पायरीवरची सही

४ जून, मंगळवार

तिसरी पकड सोडवली तेव्हाही खालून पांढरंच निघालं. पहिल्या दोन्हींखाली तेच होतं. मीटरचं एक टोक गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या चौकटीला लावलं, दुसरं अर्थिंगच्या तारेला. आकडा नाही. पुन्हा लावलं. नाही. तार होती, पकडी होत्या, बोल्ट घट्ट आवळलेले होते, आणि धातूला धातू कुठेच लागत नव्हता. मध्ये गच्ची गळू नये म्हणून लावतात तो पांढरा लेप, नखाएवढा जाड.

पॅनेलांवर ताडपत्री टाकली आणि कानस घेऊन बसले. एकूण सहा पकडी. लेप रबरासारखा निघतो, कानशीच्या दातांत अडकतो. चौथ्या पॅनेलखाली काळी तार चौकटीच्या धारेत अडकली होती. वाऱ्याने हलून हलून तिचं आवरण कापलं गेलं होतं. तेवढा तुकडा काढून नवा घातला, नवा जोड दिला.

खालून घरच्या बाई, दोन्या प्रोवी, विचारत होत्या, "अगं एनेइदा, सापडलं का काही?"

"बघतेय."

"बघतेस काय? तीन तास झाले. ऊन लागेल, खाली ये."

सकाळी साडेसातला त्यांचे यजमान, एलादिओ मास्तर, टाकीचं झाकण बघायला गच्चीवर गेले होते. एक हात टाकीच्या पाईपवर, दुसरा पॅनेलच्या चौकटीवर. समोरच्या बाईने पाहिलं. ती म्हणते, ते ओरडले नाहीत. केळींच्या बाजूला पडले. पोन्से शहरातल्या इस्पितळात नेलं आहे. शुद्धीवर नाहीत.

जोडणीच्या कागदावर सही माझी म्हणून फोन मला आला. मागच्या वर्षी मार्चमध्ये मी सही केली तेव्हा गच्ची स्वच्छ पांढरी होती. एकही काळा डाग नव्हता.

शेवटी मीटरवर आकडा आला. चांगला आकडा. इन्व्हर्टर बंद ठेवून निघाले. गच्ची आता सुरक्षित आहे. लेपाचे तुकडे खिशात भरून आणले होते, ते घरी आल्यावर फेकून दिले.

५ जून, बुधवार

कोम्पाय गामालिएल आले. माझ्या लेकीच्या, यारेलिसच्या, बाप्तिस्म्याला त्यांनी धर्मपिता म्हणून तिला पाण्यावर धरलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं, शाळेतले सोबती, एकमेकांना अहो-जाहो करतो. ते मला कोमाय म्हणतात, मी त्यांना कोम्पाय. नातं ते आहे.

पॅनेल ते बसवतात. वीजकामाचा परवाना माझा आहे, सही मी करते. मोठ्या वादळात माझ्या घरावरचे पत्रे उडाले तेव्हा चार दिवसांत त्यांनी नवे चढवले आणि माझ्याकडून कॉफीखेरीज काही घेतलं नाही.

मी पकडींखालच्या लेपाचं सांगितलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मास्तरच म्हणाले, कोमाय. चौकटी बसल्या होत्या. म्हणाले, पॅनेल टाकायच्या आधी गच्ची लेपून घे, नंतर खाली हात जाणार नाही, पुढे वादळाचे दिवस आहेत. आता गच्ची लेपायची म्हटल्यावर कोण काय सोडतं? रोलर फिरवला. चौकटीवरून पण फिरला."

"आणि पकडी?"

"पकडी दुसऱ्या दिवशी." त्यांनी टोपीची कड चाचपली. "घट्ट आवळल्या होत्या."

"आवळल्या होत्या खऱ्या."

"मग? मला काय ठाऊक त्या रंगातून वीज जात नाही ते? परवाना तुमच्याकडे आहे." मग हसले. "आणि कागदावर तर तुम्ही वर आला होतात."

मी हसले नाही. सही केली त्या दिवशी दोन्या प्रोवींनी अंगणात कॉफी दिली होती. मास्तर कोम्पायच्या कामाची तारीफ करत होते. कोम्पायने केलेलं काम वर चढून तपासायचं नसतं. इथे कुणीच तसं करत नाही. तपासलं तर तो अपमान, आणि असा अपमान पोरांच्या पिढीपर्यंत राहतो.

"आता नीट आहे ना?" त्यांनी विचारलं.

"नीट आहे."

"मग संपलं. मास्तर बरे होऊन येतील."

७ जून, शुक्रवार

सरकारी तपासनीस आले. अरोचो नाव. वय साठीचं, गुडघा दुखरा, तरी शिडी स्वतः धरून चढले. दीड तास मोजत होते. प्रत्येक पकड, प्रत्येक जोड.

"उत्तम," म्हणाले. मग, "फारच उत्तम."



"जोडणी तुमची?"

"सही माझी."

"मी जोडणीचं विचारलं."

"माझ्या देखरेखीखाली झाली."

"वर चढला होतात?"

मी हो म्हटलं. शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत मी गेले होते. तिथून गच्चीची कड दिसते, चौकटीही दिसतात. खोटं बोलले असं नाही म्हणता येणार.

त्यांनी एका पकडीवरून बोट फिरवलं. "सव्वा वर्ष उन्हापावसात राहिलेली पकड एवढी चकचकीत नसते. चार तारखेला तुम्ही इथे होतात म्हणे."

"सगळं बंद करायला आले होते."

"आणि?"

"बोल्ट आवळून बघितले."

त्यांनी वहीत लिहिलं. बराच वेळ लिहीत होते. मग इन्व्हर्टरच्या दांड्याला लाल पट्टी बांधली, शिक्का मारला.

"साहेब, सगळे आकडे बरोबर आहेत," मी म्हटलं.

"म्हणून तर. आकडे बरोबर आणि माणूस इस्पितळात. जो दोष मला सापडत नाही तो गेला असं मी धरत नाही, बाई. तो तिथेच आहे."

दोन्या प्रोवी दारात उभ्या होत्या, नाकात नळी, मागे प्राणवायूच्या यंत्राची घरघर. "अहो साहेब, लाईट गेली की माझं हे यंत्र त्या पॅनेलांवरच चालतं. लाईट तर रोज जाते."

"ठाऊक आहे, सेन्योरा. कारण कळलं की त्याच दिवशी काढतो. तासाभरात."

तपासनिसांना लोकांना अडवून ठेवण्यात काय मिळतं कळत नाही. काम समोर चोख दिसतं आहे, तरी पट्टी.

१० जून, सोमवार

एलादिओ मास्तर काल दुपारी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

घरी आणलं होतं. माणसं अंगणात मावत नव्हती. अर्ध्या गावाला त्यांनी बेरीज शिकवली. मी स्वयंपाकघरात होते, कॉफी आणि बिस्किटं बाहेर देत होते.

दोन्या प्रोवी खुर्चीत ताठ बसून येईल त्याला तेच सांगत होत्या. "किती वेळा सांगितलं त्यांना. ओले हात घेऊन वर जाऊ नका. टाकीत हात घालायचा, तोच हात तिकडे लावायचा. मास्तर ना! त्यांना कोण शिकवणार?"

लोक माना हलवत होते. "वय झालं की होतं असं."

त्यांनी मलाही सांगितलं. माझा हात धरून. "तू तरी सांगायचंस गं त्यांना. तुझं ऐकलं असतं."

मी बिस्किटांची ताटली उचलली. सांगायची ती वेळ नव्हती.

कोम्पायने शवपेटीला खांदा दिला. रडत होते. खरं रडत होते.

१३ जून, गुरुवार

अरोचोंच्या कार्यालयात फोन केला. बाहेर गेलेत. पुन्हा केला. चौकशी चालू आहे. किती दिवस? कारण कळेपर्यंत.

आज लाईट दोनदा गेली. दुसऱ्या वेळी चार तास. प्राणवायूचा एक बाटला साडेचार तास पुरतो. दोन्या प्रोवींकडे बाटले पाच होते, आता चार भरलेले. मी रिकामा खाली नेऊन ठेवला.

त्यांच्या घरी मृतासाठी नऊ दिवसांची जपमाळ चालू आहे. दुपारी मी एकटीच त्यांच्याजवळ होते.

"तुला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "पाद्रीला सांगणार नाही. म्हातारा गेला आणि मला रडू येत नाही. राग येतो. इतरांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी जपमाळ म्हणते मी, आणि एकेका मण्याला मनात त्यांना शिवी देते. मूर्ख. मूर्ख. मूर्ख. चव्वेचाळीस वर्षं मला शहाणपण शिकवलं आणि गेले कसे? एखाद्या पोरासारखे."

"असं नका म्हणू."

"का नको? तू सांग, चूक कुणाची होती?"

मी यंत्राची जाळी साफ करायला घेतली. तिच्यात खूप धूळ बसते.

त्यांच्या अंगणातून खाली सगळी दरी दिसते. यंदा जवळजवळ सगळ्यांनी गच्च्या लेपून घेतल्या आहेत. उतारावर पांढऱ्या पाट्या मांडल्यासारख्या. बऱ्याच कोम्पायने केलेल्या. सुंदर दिसतं.

१८ जून, मंगळवार

पुन्हा फोन. अरोचो स्वतः बोलले.

"सांगायला काही आहे का तुमच्याकडे?"

"पट्टी कधी काढणार ते विचारायला केला."

"मग माझ्याकडेही काही नाही, बाई."

ठेवला.

कोम्पायशी बोलले. ते दुसऱ्या गावात काम करत होते, पॅनेलच्या सावलीत बसून भात खात होते. अरोचोंना आपण सांगून टाकावं का, असं मी विचारलं. विचारलं फक्त.

"आपण म्हणजे कोण?" ते म्हणाले. "माझ्याकडे परवाना नाही, कोमाय. माझ्यावर सरळ माणूस मारल्याचं येईल. तुमचा परवाना जाईल. आणि मास्तर काय उठून बसणार आहेत?"

"दोन्या प्रोवींचं यंत्र आहे."

"पट्टी प्लास्टिकची आहे. कात्री घरात नाही का कुणाच्या?"

"शिक्का आहे तिच्यावर."

"शिक्क्याने श्वास घेता येतो का?" भात चिवडत बसले. "तुम्हीच म्हणालात ना, आता नीट आहे. मग पट्टी राहिली काय, गेली काय. सुचेल काहीतरी."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गच्ची सुरक्षित आहे हे मला ठाऊक आहे. ते कसं ठाऊक आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, एवढीच अडचण.

२१ जून, शुक्रवार

झोप नाही. यारेलिसचा फ्लोरिडाहून फोन. तिच्या पाद्रिनोची, म्हणजे कोम्पायची, खुशाली विचारली. बरे आहेत म्हटलं.

आज पहिल्यांदा अरोचोंच्या वाक्याचा नीट विचार केला. दोष सापडला असता तर पट्टी सात तारखेलाच निघाली असती. तासाभरात. दोष होता. मी तो घासून काढला, म्हणून तो आता कुणालाच सापडत नाही.

हे लिहून ठेवलं. पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही.

२४ जून, सोमवार

कालपासून लाईट नाही. खालचं सगळं उपकेंद्र गेलं म्हणतात. परवाच्या पावसात रस्त्यावर दरड आली, त्यामुळे बाटल्यांची गाडीही वर आली नाही. सकाळी मी पोचले तेव्हा दोन्या प्रोवींकडे तीन बाटले उरले होते. ओठांचा रंग बरा नव्हता.

इस्पितळात चला म्हटलं. "त्यांना नेलं तसं मला न्यायचं नाही," म्हणाल्या. त्यावर बोलणंच नाही.

कोम्पाय दहाला जनरेटर घेऊन आले. दरडीच्या अलीकडे ट्रक ठेवून, खांद्यावर वाहून आणला. साठीला टेकलेला माणूस. घामाने शर्ट चिकटला होता. लावला. यंत्र सुरू झालं, दहा मिनिटं चाललं, मग शिट्टी वाजवून बंद पडलं. जनरेटरच्या विजेचा दाब वरखाली होतो, यंत्राला सोसत नाही. तीनदा केलं. तीनदा तेच.

दुपारी एक वाजता कोम्पायने स्वयंपाकघरातून कात्री आणली.

"दोन्या प्रोवी, पॅनेल चालू करतो. वर ऊन आहे, फुकट चाललंय."

"थांब," त्या म्हणाल्या. बोलायला त्यांना वेळ लागत होता. "ज्याने त्यांना मारलं तेच?"

"आता धोका नाही," मी म्हटलं.

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"त्या साहेबाला माहीत नाही. दीड तास मोजून. तुला कसं माहीत?"

कोम्पाय माझ्याकडे बघत होते. कात्री हातात.

"बोल की गं. कसं माहीत?"

मी सांगितलं. पकडीखाली लेप होता. तार कापली गेली होती. चौकटीत वीज आली होती आणि जमिनीत जायला तिला वाट नव्हती. मास्तरांनी एका हाताने पाईप धरला, दुसऱ्याने चौकट, आणि ते स्वतः वाट झाले. ते खाटेवर पडले होते तेव्हा मी वर बसून लेप घासत होते. मार्चमध्ये मी वर चढले नव्हते.

"तोंड सांभाळ, एनेइदा," गामालिएल म्हणाला.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला एकेरी हाक मारली. मग म्हणाला, "तुझ्या पोरीला पाण्यावर धरलंय मी. तुझं घर झाकलंय."   तो सगळं खरं बोलत होता.

कात्री टेबलावर ठेवून तो बाहेर गेला. जनरेटर तिथेच राहू दिला.

दोन्या प्रोवींच्या नळीतली हवा ऐकू येत होती.

"म्हणजे हात ओले होते म्हणून नाही."

"नाही. कोरडे असते तरी झालं असतं."

"म्हणजे ते नुसते उभे होते."

"हो."

"पाईप धरून. पडू नये म्हणून."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतील. "चौदा दिवस," म्हणाल्या. "चौदा दिवस मी त्यांना शिव्या दिल्या. अख्ख्या गावासमोर. तू कॉफी देत होतीस."

मी कात्री उचलली. निदान यंत्र चालू करू द्या म्हटलं.

"ठेव ती. पट्टी त्या माणसाने बांधली, तो काढेल. तू चोरून लावलेल्या विजेवर मी श्वास घेणार नाही. त्याला बोलाव. मला सांगितलंस ते त्याला लिहून दे. आणि त्यात लिही की एलादिओंची चूक नव्हती. ते आधी लिही."

"बाटले पुरणार नाहीत."

"कमी घेईन."

अरोचोंना फोन लागायला टेकडीच्या टोकापर्यंत चालत जावं लागलं. दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. दरडीमुळे आज पोचता येणार नाही, उजाडताच निघतो, म्हणाले. पुढे म्हणाले, "आणखी किती गच्च्या, बाई?"

तोपर्यंत मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. आता वाटतं, कुठेतरी विचारला होता आणि दुसरीकडे बघितलं होतं.

दोन्या प्रोवींच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. पहिलं वाक्य त्यांनी सांगितलं तेच. मग लेप, पकडी, तार, कानस. मग तिसरी पायरी. गामालिएलचं नाव लिहिताना थांबले, मग लिहिलं. शेवटी पत्ते. गच्ची लेपून झाल्यावर पकडी लावलेली आणि मी खालूनच सही केलेली घरं. आठवून आठवून सतरा झाली. त्यांपैकी चौदांमध्ये पोरंबाळं आहेत.

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. बाटल्याचा काटा त्या दर पंधरा मिनिटांनी मला विचारतात आणि मी सांगते. प्रवाह अर्ध्यावर आणला आहे. खिडकीत ताठ बसून आहेत, उशीला टेकतसुद्धा नाहीत. मी घरी जाणार नाही. जायला त्यांनीही सांगितलं नाही, थांबायलाही नाही.

२५ जून, मंगळवार

अरोचो सव्वाआठला चालत आले. बाटल्याचा काटा तांबड्यात होता. त्यांनी कागद दोनदा वाचला, तारीख घालायची राहिली होती ती घालून घेतली आणि माझं परवान्याचं कार्ड मागितलं. दिलं. वर जाऊन मोजलं, पट्टी काढली. नऊला दहा कमी असताना यंत्र सुरू झालं. दोन्या प्रोवींनी यंत्राकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "आता तू जा."

दहा वाजता आम्ही यादीतल्या पहिल्या घरी गेलो. बाई लेकराला भरवत होती. अरोचोंनी तिला मुख्य स्विच बंद करायला सांगितला. तिने विचारलं, का? ते माझ्याकडे बघत राहिले. मी तिला सांगितलं.